अक्कांचा मंजूर झालेला अर्ज

सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर भिंतीला लागून अक्कांचं टेबल होतं. आधी त्यावर टाइपरायटर होता, मग एक जुनाट कॉम्प्युटर आला आणि त्याच्या शेजारी सतत कुरकुरणारा प्रिंटर. टेबल तेच, खुर्ची तीच आणि तोंडही तेच. अर्ध्या गावाची गाऱ्हाणी त्यांच्या बोटांखालून गेली होती. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवली, कुणाची पेन्शन अडली, तर कुणी स्वतः धडधाकट समोर बसलेला असून कागदावर मेलेला. माणूस समोर बसून रडायला लागला की अक्का चष्म्यावरून बघायच्या आणि सांगायच्या, तुमचं रडून होऊ द्या, मला फक्त मागणी लिहायची आहे.

एक अर्ज, एक मागणी, हा त्यांचा नियम. अर्जात आजारपण नको, लेकीचं लग्न नको, ‘गरीब बिचारा’ तर मुळीच नको. कारकुनाला जितकी जास्त वाक्यं द्याल तितक्या जास्त जागी त्याला बोट घालता येतं, असं त्या म्हणायच्या. लोक तोंड वाकडं करून उठायचे आणि चार पावलं चालून परत यायचे, कारण अक्कांचा अर्ज सहसा परत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांनाही ते जरा जास्तच ठाऊक होतं.

लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्याबरोबर त्या राहायच्या. भाऊ शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. त्याची जागा लोखंडी बाजारात, उत्तरेच्या मोठ्या खिडकीखाली. बाजार म्हणजे उंच लोखंडी खांबांवर उभं असलेलं एक लांबलचक दालन, खाली दगडी फरशी, वर काचेच्या झडपा. त्यात नवीन काहीच विकलं जायचं नाही, मोडलेलं तेवढं नीट व्हायचं. छत्र्यावाला, पंखेवाला, बॅगांच्या चेनी बसवणारी बाई, चष्म्यांच्या काड्या जोडणारे आजोबा, आणि खिडकीखाली अक्कांचा भाऊ. शिवणयंत्र म्हणजे कपाळावरची आठी मोजण्याइतकं बारीक काम. टाका सुटतो कुठे, दोरा अडतो कुठे, हे बघायला त्या खिडकीचा उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखा पडायचा. सावली नाही, तिरीप नाही. वडीलही तिथेच बसायचे. बायका यंत्र ढकलगाडीवर घालून थेट त्याच्या पायाशी आणून ठेवायच्या.

मग एक दिवस बाजाराच्या दारावर नगरपालिकेने कागद चिकटवला. इमारत मोडकळीस आल्याने पाडण्यात येईल आणि तिथे गाड्या उभ्या करायची सोय होईल. मोडकळीस आली म्हणे! छपराची एक झडप गळत होती, एवढंच. आमच्याकडे एखादी गोष्ट पाडायची ठरली की तिला आधी म्हातारी ठरवतात, ही रीतच आहे.

दुकानदार सगळे अक्कांच्या टेबलाभोवती जमले. घरातच हुकमाचा एक्का असल्यावर दुसरीकडे कोण जातं? अक्कांनी सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं की पोटाचं रडगाणं घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. पोटं सगळ्यांनाच आहेत, सरकारला त्यांचं काय? पण जुन्या इमारतीला मान आहे. वारसा म्हणून जतन करा, अशी मागणी करायची. दगड बोलू दे, तुम्ही गप्प राहा.

चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर मदतीला आले. खांबांवरची नक्षी, कमानींचा घाट, झडपा उघडायची जुनी साखळी असं सगळं त्यांनी कौतुकाने सांगितलं आणि अक्कांनी ते मोजक्या शब्दांत बसवलं. अर्ज सुरेख उतरला. घरी जेवताना त्यांनी तो वाचून दाखवला. भावाने ऐकून घेतलं, पाणी प्यायला आणि म्हणाला,

“ताई, सगळं छान आहे. पण आम्ही इथे बसतो, एवढं एक वाक्य घाल ना त्यात.”

“कशाला? मागणी इमारतीची आहे. इमारत राहिली की तू राहिलासच.”

“तरी पण. वाचणाऱ्याला कळेल, आत माणसं आहेत.”

“मला शिकवू नकोस. तू तुझी सुई बघ.”

भाऊ हसला आणि ताट घेऊन उठला. थोरल्या बहिणीपुढे तो कधी दुसऱ्यांदा बोलायचा नाही.

सह्या गोळा करायला अक्का स्वतः फिरल्या. सही मागायला जावं म्हणजे गाव कळतं. एकाने ‘याने काय होणार आहे’ असं विचारत अख्खा अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा घरी राहिला म्हणून सही केली नाही. एकाने केली ती अशी, की उद्या पोलिसांनाही वाचता येऊ नये. एका घरात नवऱ्याने बायकोचीही सही ठोकून दिली. ते कळल्यावर बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिने ती खोडायला लावली आणि आपली आपण केली. औषधवाल्याने सरळ सांगितलं की गाड्या उभ्या राहिल्या तर त्याचं गिऱ्हाईक वाढेल. अक्कांना तो त्यातल्या त्यात बरा वाटला, निदान खोटं तरी बोलला नाही.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं म्हणणाऱ्याला सरकारची फारच घाई दिसली असावी. अर्ज नगरपालिकेतून बांधकाम खात्यात गेला, तिथून वारसा विभागात, तिथून ‘अभिप्रायासाठी’ पुन्हा नगरपालिकेत. आवक खिडकीवरच्या कारकुनाला गाव उद्यासाहेब म्हणायचं, कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर एकच असायचं. माणूस मात्र गोड. अक्कांना बसायला स्टूल द्यायचा. साहेब कधी मीटिंगमध्ये, कधी दौऱ्यावर, कधी नुकतेच बदलून गेलेले. फाइल फिरत असतानाच सरकारने वारसा इमारतींचं नवं धोरण आणलं. अक्कांनी ते वाचलं नाही. आपला अर्ज त्याच्या आधीचा आहे, त्याला जुनेच नियम, असं त्यांनी धरून ठेवलं. सगळ्या गावाला नियम समजावून सांगणाऱ्या बाईने ही एवढी गोष्ट धरून ठेवावी!

आणि अर्ज मंजूर झाला. पाडणं रद्द, इमारत संरक्षित. बाजारात त्या दिवशी कुणी काम केलं नाही. चहाच्या फेऱ्या झाल्या, मास्तरांनी भाषण केलं आणि ते लांबलं. भाऊ पुढे आठवडाभर यंत्र घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला, तिने विचारलेलं असो की नसो, सांगत राहिला की हे माझ्या ताईने केलं. अक्का ते लांबून ऐकायच्या आणि न ऐकल्यासारखं करायच्या.

मग निळी पाटी आली. ती भावाच्या खिडकीशेजारच्या खांबावरच ठोकली. पाटीपाठोपाठ नोटीस आली. संरक्षित वास्तूत कोणताही व्यवसाय करता येणार नाही, तेल, ठिणगी, यंत्र चालणार नाही, तरी सर्वांनी महिन्याभरात जागा रिकामी करावी. पर्यायी गाळे बसस्थानकामागच्या नव्या संकुलात, दुसऱ्या मजल्यावर.

अक्का नोटीस हातात घेऊनच कचेरीत शिरल्या. वारसा विभागाच्या साहेब बाई तरुण होत्या, नम्र होत्या. हा आणखी एक छळ. उद्धट माणसावर निदान ओरडता येतं. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि धोरणाचं कलम समजावून सांगितलं. आधीपासून चालत आलेला वापर चालू ठेवायला मुभा आहे. मात्र तो मूळ अर्जात नमूद केलेला हवा. त्यांनी फाइल अक्कांपुढे सरकवली. अक्कांनी आपलाच अर्ज पुन्हा वाचला. खांब होते, कमानी होत्या, साखळी होती, फरशीच्या दगडाचा रंगसुद्धा होता. माणूस एकही नव्हता.

“अर्ज धोरणाच्या आधीचा आहे,” अक्का म्हणाल्या.

“मंजुरी नंतरची आहे,” बाई म्हणाल्या.

“मग दुरुस्ती करते. एक वाक्य घालायचंय.”

“मंजूर अर्जात दुरुस्ती होत नाही.”

“मग अपील करते.”

“अपील नामंजूर अर्जावर असतं, अक्का. तुमची मागणी तर पूर्णच्या पूर्ण मान्य झाली आहे. मग तुमची तक्रार नेमकी काय?”

अक्कांना आयुष्यात पहिल्यांदाच मागणी सांगता आली नाही. त्या उठल्या. बाहेर उद्यासाहेबाने त्यांना बाजूला घेतलं आणि हळूच युक्ती सांगितली. वापर चालू ठेवावा म्हणून नवा अर्ज करा. एकदा मंजुरी झालेल्या जागेचा दुसरा अर्ज म्हणून तो नामंजूर होणारच. झाला की वर अपील करा. वरचे लोक माणसाचं ऐकतात, असं तो म्हणाला. म्हणजे ज्या बाईने जन्मभर नामंजूर न होणारे अर्ज लिहिले, तिला आता नामंजूर व्हावा म्हणून अर्ज लिहायचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी सांगणं त्याहून कठीण गेलं. भावजय अक्कांपुढे सहसा तोंड उघडायची नाही. त्या संध्याकाळी तिने उघडलं.

“वन्सं, त्यांचं एक वाक्य लिहिलं असतं तर तुमची शाई संपली असती का?”

भाऊ भिंतीकडे बघत होता. मग त्याने विचारलं, “तुला माझं काम कागदावर घालायला लाज वाटली का गं, ताई?”

लाज वाटली नव्हती. शप्पथ वाटली नव्हती. तो अर्जाचा नियम होता. पण ‘तो नियम होता’ हे शब्द त्या कचेरीत इतक्या तोंडांतून ऐकून आल्या होत्या की ते आता स्वतःच्या तोंडून काढवेनात. त्या आत गेल्या आणि अंथरुणावर पडून राहिल्या. स्वतःचा इतका राग त्यांना कधीच आला नव्हता.

दुसरा अर्ज त्यांनी सगळे नियम मोडून लिहिला. छत्र्यावाल्याचा खोकला घातला, चेनवाल्या बाईची दोन पोरं घातली, आजोबांचं एका डोळ्याने दिसणं घातलं. पहिलंच वाक्य होतं, ‘आम्ही इथे बसतो.’ पहिली सही भावाची घेतली. त्याने ती केली, पण कागदाकडे बघून, बहिणीकडे नाही.

गावात मात्र सह्या मिळेनात. अहो, झालं ना तुमच्या मनासारखं, आता परत कसली सही, असं ज्याने त्याने विचारलं. समजावून सांगितलं तर जांभया. मास्तरांनी तर कमालच केली. आता दालन कसं मोकळं, देखणं दिसेल, मध्ये त्या पंख्यांच्या पात्यांचा अन् छत्र्यांचा पसारा होता तो नजरेला खुपायचा, असं ते म्हणाले. अक्का त्यांच्या दारातून परतल्या, आणखी दोन मिनिटं थांबल्या असत्या तर हात उगारला असता.

महिना संपला आणि बाजार रिकामा झाला. दाराला कुलूप, कुलपापुढे पहारेकरी. आत कबुतरं मुक्कामाला आली, त्यांना धोरण लागू नसावं. भाऊ बसस्थानकामागच्या दुसऱ्या मजल्यावर गेला. गाळ्याला खिडकी नाही, डोक्यावर फडफडणारी ट्यूब. कुठली बाई लोखंडी पायांचं शिवणयंत्र दोन जिने चढवणार? तोच पिशवीत पाने अन् तेलाची बाटली घालून घरोघरी फिरायला लागला. संध्याकाळी डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा जेवण झाल्यावर त्याला घरच्या यंत्राच्या सुईत दोरा ओवता येईना. तीन वेळा चुकला. मग त्याने बायकोला हाक न मारता सुई नुसती टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन बसला.

अक्का दर आठवड्याला खिडकीवर जायच्या. उद्यासाहेब स्टूल पुढे करायचा आणि आनंदाने सांगायचा, “अक्का, चांगली बातमी आहे. तुमच्या अर्जावर साहेब सकारात्मक आहेत.”

“मला सकारात्मक नको. मला नकार हवाय.”

“असं कसं म्हणता? विचाराधीन आहे.”

भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. अक्का विनवण्या करायच्या, नामंजूर करा हो, एक शिक्का मारा आणि मोकळं करा. रांगेतली माणसं बघत राहायची. त्यांच्यातले अर्धे मंजुरीसाठी देव पाण्यात घालून बसलेले आणि ही बाई नकारासाठी पदर पसरतेय. कुणीतरी हळूच म्हणालं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. अक्कांनी ऐकलं. भांडायचीही ताकद राहिली नव्हती.

शेवटी तो नकार आला. अक्का पाकीट घेऊन तशाच दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत चढल्या. भाऊ ट्यूबखाली एका यंत्राचं बूड उघडून बसला होता. त्याच्यासमोर त्यांनी पाकीट फोडलं आणि वाचायला लागल्या. अर्ज नामंजूर. कारण, प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी सदर जागेत कोणीही व्यक्ती काम करताना आढळली नाही.

अक्कांनी ते पुन्हा वाचलं. मग कागद टेबलावर आपटला.

“आढळली नाही! यांनीच बाहेर काढलं, यांनीच कुलूप लावलं, आणि कुलूप उघडून आत बघतात की कोणी आढळत नाही!”

त्यांचा आवाज सगळ्या मजल्यावर घुमला. छत्र्यावाला, चेनवाली बाई दारात येऊन उभे राहिले. भावाने यंत्राचं बूड बंद केलं, हात पुसले आणि शांतपणे विचारलं, मग आता अपील करता येईल ना? करता येईल, अक्का म्हणाल्या. आणि अपिलात परत पाहणी होईल? होईल. आणि परत कोणी आढळणार नाही? अक्कांनी आपटलेला कागद उचलला आणि त्याची घडी घातली.

त्यांनी अपील त्याच दिवशी लिहिलं. ते लिहून झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, त्यावर कापड टाकलं आणि टेबल भिंतीशी बांधून ठेवलेली दोरी सोडली. इतक्या वर्षांत ते टेबल जागचं हललं नव्हतं, खाली भिंतीच्या कडेला त्याच्या पायांचे चार खड्डे पडले होते. ढकलगाडीवाल्याला त्यांनी लोखंडी बाजाराचा पत्ता सांगितला.

भाऊ आधीच तिथे पोचला होता. दारासमोरच्या पायरीवर त्याने पोतं अंथरलं होतं आणि त्यावर एक यंत्र मांडलं होतं. पहारेकऱ्याने सांगितलं, पायरी पण संरक्षित आहे. भाऊ यंत्र उचलून एक पायरी खाली आला. तीही संरक्षित निघाली. असं करत करत दोघं भावंडं फुटपाथवर आली, आणि फुटपाथ कुठल्या खात्याचा हे पहारेकऱ्याला सांगता येईना. अक्कांनी भिंतीला टेबल टेकवलं. मागे बंद दार, त्यामागे ती खिडकी. इथे ऊन थेट अंगावर येत होतं, गाड्यांची धूळ यंत्राच्या तेलावर बसत होती. भाऊ डोळे बारीक करून टाका बघत होता. दुपारी छत्र्यावालाही आला आणि थोडं अंतर ठेवून बसला.

संध्याकाळी पहारेकरी खुर्ची आत ठेवायला उठला. जाताना त्याने जरा कीव येऊनच विचारलं, “अक्का, हे किती दिवस बसणार तुम्ही लोक?”

अक्कांनी चष्मा पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

“आढळेपर्यंत,” त्या म्हणाल्या.